उत्तरे शेवटी दिली आहेत

ज्या पुस्तकांवर मध्यमवर्गीय घरात सर्वांत जास्त पैसा, सर्वांत जास्त चहा आणि सर्वांत जास्त रात्री खर्च होतात, त्या पुस्तकांचे परीक्षण कुठल्याही नियतकालिकात येत नाही, ही आपल्या समीक्षेची फार मोठी उणीव आहे. चाळीस पानांच्या कवितासंग्रहावर ऐंशी पानांचे रसग्रहण येते. वास्तविक त्या संग्रहाच्या तीनशे प्रती निघालेल्या असतात आणि त्यांतल्या दोनशे कवीच्याच पलंगाखाली असतात. पण इंजिनियरिंगच्या प्रवेशपरीक्षेसाठी निघणारे गणिताच्या सरावाचे बाराशे पानी पुस्तक घ्या. हजारो मुले ते उशाशी घेऊन झोपतात, काही तर त्याचीच उशी करतात. पण त्यावर परिसंवाद नाही, पुरस्कार नाही, लेखकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार नाही. लेखकाचे नावसुद्धा कुणाच्या ध्यानात राहत नाही. 'ते निळे पुस्तक', 'ते जाडे पुस्तक', 'ते शर्मांचे नव्हे, दुसरे' अशी त्यांची ओळख. अप्पा बळवंत चौकातला दुकानदारही रंग सांगितला की पुस्तक काढून देतो.

ही उणीव भरून काढायला माझी पात्रता दुहेरी आहे. एक म्हणजे मी अधूनमधून परीक्षणे लिहितो, आणि या खेपेला तर पुस्तके वाचून लिहितो आहे. दुसरे म्हणजे मी गणित घेऊन बी.एस्सी. झालेलो आहे. ही दुसरी गोष्ट चाळीस वर्षांत कुणी विचारली नव्हती. अकरावीला आमची भाची साताऱ्याहून आमच्याकडे पुण्याला शिकायला आली तेव्हा ती उपयोगी पडली. भाचीबरोबर एक बॅग कपड्यांची होती आणि दोन बॅगा पुस्तकांच्या. त्यांतली नुसती गणिताची नऊ. आमच्या घरी वजनाचा एक काटा आहे, त्यावर उभे राहायचे मी सहसा टाळतो. त्यावर ती नऊ पुस्तके ठेवली तर अकरा किलो भरली. वाङ्मयाचे मूल्यमापन मी प्रथमच इतक्या वस्तुनिष्ठपणे केले.

आता मुखपृष्ठापासून सुरुवात करू. मुखपृष्ठावर सहसा 'नव्या पॅटर्ननुसार' असे एक वाक्य असते. पॅटर्न बदलला की आतले पुस्तक तेच राहते आणि वाक्य मात्र नवे होते. मलपृष्ठावर 'हजारो निवडक प्रश्न' असे असते. हजारो निवडले तर वगळले कुठले, असा माझ्यासारख्याला प्रश्न पडतो. प्रस्तावनेत लेखक पत्नीचे आणि मुलांचे आभार मानतो. पुस्तकभर एवढाच एक मानवी उल्लेख असतो, म्हणून मी तो दोनदा वाचला.

कारण आत माणसेच नाहीत. आमच्या लहानपणच्या अंकगणितात केवढी वस्ती होती! एक काम अ, ब आणि क मिळून किती दिवसांत करतील, हौद दोन नळांनी किती तासांत भरेल, लबाड गवळी दुधात किती पाणी घालील, मुंबईहून आणि पुण्याहून एकाच वेळी सुटलेल्या गाड्या कुठे भेटतील – गाव कसे गजबजलेले असायचे. प्रवेशपरीक्षेच्या पुस्तकात सगळे उजाड. एक शिडी भिंतीवरून घसरत असते. तिच्यावर कुणी आहे का, याची चौकशी नाही. तिचे खालचे टोक दर सेकंदाला किती सरकते एवढेच विचारतात. एक माणूस दिव्याच्या खांबापासून दूर चाललेला असतो. एवढ्या रात्रीचा तो कुठे चालला आहे, घरी काही भांडण झाले आहे का, ते नाही. त्याची सावली किती वेगाने लांबते ते सांगा. एका पिशवीत पाच तांबडे आणि सात काळे चेंडू वर्षानुवर्षे पडलेले आहेत; कुणीतरी येतो, न बघता दोन काढतो आणि निघून जातो. एकाही चेंडूला अजून कुणी खेळायला घेतलेले नाही.

तरीही ही पुस्तके उपरी नाहीत, मोठ्या घराण्यातली आहेत. अप्पा बळवंत चौकात आजही हॉल आणि नाइट यांचे बीजगणित मिळते. ते १८८७ सालचे. लोनीसाहेबांची त्रिकोणमिती १८९३ सालची आणि त्यांचीच निर्देशक भूमिती १८९५ ची. म्हणजे मुलगा मोबाईलवर बोटे फिरवता फिरवता व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतली उदाहरणे सोडवत असतो. त्या काळी केंब्रिजला गणिताची ट्रायपॉस म्हणून परीक्षा असे. पहिल्या वर्गातल्यांना रँग्लर म्हणत आणि पहिल्याला सीनियर रँग्लर. क्रमांकासाठी जीव टाकणारी मुले कॉलेजच्या प्राध्यापकांना सोडून खाजगी शिक्षकांकडे जात. त्या शिक्षकाला 'कोच' म्हणत, म्हणजे परीक्षेच्या पैलतीराला पोचवणारी घोडागाडी. आपल्याकडच्या कोचिंग क्लासचे मूळ हे असे तबेल्यात आहे. आपले रँग्लर परांजपे १८९९ साली या परीक्षेत पहिले आले. दापोलीकडचा मुर्डीचा मुलगा साहेबाच्या देशात साहेबाच्या परीक्षेत पहिला आला! हा आनंद महाराष्ट्राला इतका झाला की रघुनाथ पुरुषोत्तम हे नाव मागे पडले आणि 'रँग्लर' हेच माणसाचे नाव होऊन बसले. आपल्या घराघरांत निकालाच्या दिवशी जे काही होते, त्याची पहिली ठिणगी तिथे पडली असावी असा माझा संशय आहे.

आता या घराण्यातलीच एक गंमत पाहा. ट्रायपॉसच्या मुलांची तयारी करून घेणारे कार नावाचे एक शिक्षक होते. त्यांनी सूत्रे आणि प्रमेये एकाखाली एक मांडून एक जाडजूड पुस्तक केले. चक्क गाईडच! सुमारे पाच हजार प्रमेये, आणि ती कशी सिद्ध करायची याचा जेमतेम उल्लेख, बहुतेक ठिकाणी तोही नाही. ते पुस्तक १९०३ च्या सुमारास कुंभकोणमच्या एका मुलाच्या हाती लागले. सिद्धता दिलेल्या नाहीत म्हणून त्याने त्या स्वतःच शोधायला घेतल्या, आणि त्यातून रामानुजन झाला. जगाच्या इतिहासात गाईडचा एवढा उपयोग कुणीही केलेला नाही. आणि परीक्षेचे काय झाले? गणितापायी बाकीचे विषय राहिले, कुंभकोणमच्या कॉलेजातली शिष्यवृत्ती गेली आणि पुढे मद्रासला जाऊनही एफ.ए.ची परीक्षा पदरात पडली नाही. पुढे ज्या हार्डीसाहेबांनी त्याला केंब्रिजला बोलावून घेतले, ते स्वतः १८९८ चे चौथे रँग्लर. आणि या क्रमांकबाजीवर सर्वांत जास्त तुटून पडले तेही तेच. १९०९ नंतर केंब्रिजने क्रमांक जाहीर करणे बंद केले. साहेबाने टाकून दिलेल्या वस्तू जपून वापरण्याची आपली परंपराच आहे, तेव्हा त्याविषयी जास्त बोलत नाही.

तात्पर्य, गाईड वाईट नसते. त्याने काय दिले यापेक्षा काय शिल्लक ठेवले यावर सगळे अवलंबून असते. आणि माझी आजच्या सराव-पुस्तकांबद्दल मुख्य तक्रार हीच आहे, की ती काहीच शिल्लक ठेवत नाहीत.

पहिली चुगली प्रकरणाचे नाव करते. समजा, एक रहस्यकथांचा संग्रह आहे आणि त्याच्या पहिल्या भागाचे नाव आहे 'ज्यांत खून माळ्याने केला अशा कथा', दुसऱ्याचे 'ज्यांत खून पुतण्याने केला अशा कथा'. अशा वीस कथा वाचून झाल्यावर वाचकाला वाटू लागते की आपण मोठे डिटेक्टिव्ह झालो. मग खरोखरीचा खून होतो आणि प्रेतावर 'प्रकरण सातवे' असे लिहिलेले नसते. सराव-पुस्तकांची रचना नेमकी अशी आहे. 'वर्तुळ' या प्रकरणात पंचेचाळीस उदाहरणे, पंचेचाळीसही वर्तुळाची. तिसऱ्या उदाहरणापासून मुलाचा हात आपोआप चालतो. डोके बाजूला ठेवले तरी चालते. परीक्षेत मात्र गणित सोडवण्याच्या आधी ते कुठल्या प्रकरणातले आहे हे ओळखायचे असते. तोच खरा प्रश्न असतो. आणि बाराशे पानांत तो एकदाही विचारलेला नसतो.

साधे उदाहरण घ्या. ३ साइन क्ष अधिक ४ कॉस क्ष याची मोठ्यात मोठी किंमत किती? त्रिकोणमितीच्या प्रकरणात म्हणतात, तीनचा वर्ग अधिक चारचा वर्ग, त्याचे वर्गमूळ, उत्तर ५. दोनशे पाने पुढे अवकलनाच्या प्रकरणात हेच पुन्हा येते. तिथे ते जुनी ओळख दाखवत नाही; विकलज काढा, शून्याबरोबर मांडा, टॅन क्ष तीन-चतुर्थांश येतो, उत्तर ५. सदिशांच्या प्रकरणात हेच दोन सदिशांचा गुणाकार म्हणून उभे राहते आणि निर्देशक भूमितीत वर्तुळाला स्पर्श करणारी रेषा होते. उत्तर पुन्हा पाचच. एकच गृहस्थ चार पेठांत चार नावांनी राहतात आणि पुस्तकाला त्याची दाद नाही! ही चारी एकच आहेत हे ज्या दिवशी मुलाला दिसते, त्या दिवशी त्याला गणित येऊ लागते. पण पुस्तकाने चार उदाहरणे मोजलेली असतात. 'हजारो निवडक प्रश्न' कसे होतात ते आता तुमच्या ध्यानात आले असेल.

ही केवळ माझी कुरकुर नाही. अमेरिकेत रोहरर आणि टेलर या दोघांनी कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला आणि तो २००७ साली प्रसिद्ध झाला. चार चमत्कारिक आकारांचे घनफळ काढायचे होते, त्यांत एक अर्धा शंकूही होता. काही मुलांनी एकेका आकाराची उदाहरणे ओळीने सोडवली, म्हणजे आपल्या पुस्तकासारखी. बाकीच्यांना तीच उदाहरणे पत्ते पिसावेत तशी पिसून दिली. सराव चालू असताना ओळीने सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर, पिसलेल्यांची ६० टक्के. कुठल्याही बापाने पहिल्या वर्गाची फी भरली असती. आठवड्याने परीक्षा घेतली. पिसलेल्यांना ६३ टक्के आणि ओळीने सोडवणाऱ्यांना २० टक्के!

हा प्रयोग आम्ही घरी करून पाहिला. एका पुस्तकाच्या झेरॉक्स काढल्या, उदाहरणे कात्रीने कापली आणि चिठ्ठ्या करून दिवाळीनंतर रिकाम्या झालेल्या चकलीच्या डब्यात टाकल्या. रोज रात्री जेवणानंतर भिशीची चिठ्ठी काढावी तशा भाचीने दहा चिठ्ठ्या काढायच्या. सोडवायच्या आधी नुसते सांगायचे, की हे कुठले प्रकरण वाटते आणि का. पहिल्या पंधरा दिवसांत तिची बरोबर उत्तरे निम्म्यावर आली. साताऱ्याहून बहिणीचा फोन आला, "दादा, तिचं चांगलं चाललं होतं, तू मधेच काय काढलंयस?" आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे एवढेच होते, की "अहो, तुमचं गणित काय व्हायचं ते होऊ दे, पुढच्या दिवाळीला मला डबा रिकामा हवाय."

पण प्रकरणांची नावे हा लहान दोष आहे. मोठा दोष पुढेच आहे आणि त्याबद्दल मला थट्टा करवत नाही.

या पुस्तकांत कुणीही कधी अडत नाही. प्रश्न दोन ओळींचा, त्याखाली लगेच उकल सहा ओळींची. पहिली ओळ दिलेली माहिती. दुसरी ओळ सरळ. तिसऱ्या ओळीत म्हणतात, 'आता दोन्ही बाजूंत १ मिळवू.' आणि १ मिळवल्याबरोबर सगळे कुलूप खळकन उघडते. चौथी, पाचवी, सहावी ओळ, उत्तर (क). अहो, पण १ च का? २ का नाही? उणे १ का नाही? हे कुणाला, कधी, किती वेळाने सुचले? पुस्तक गप्प. लेखकाने त्या आधी सात वाटा धरल्या असतील, चार कागद फाडले असतील, मध्ये उठून पाणी प्यायला असेल. ते सगळे त्याच्या केराच्या टोपलीत गेले आणि पुस्तकात आली ती इस्त्रीची तिसरी ओळ. काही ठिकाणी तर 'हे उघड आहे' एवढेच लिहून लेखक पुढे जातो. गणितात 'उघड आहे' हे शब्द दिसले की ओळखावे, इथे काहीतरी झाकलेले आहे.

याचा परिणाम मी घरात पाहिला. एका रात्री अकराच्या सुमारास भाची पुस्तक मिटून बसली होती. मी विचारले तर म्हणाली, "मामा, मी ढ आहे का रे?" मी म्हटले, "कुणी सांगितलं?" तर म्हणाली, "कुणी नाही. पण उत्तर वाचलं की सगळं कळतं, आणि आपलं आपल्याला काहीच सुचत नाही. ज्यांना येतं त्यांना असं बघितल्याबरोबर सुचत असणार ना?"

दहावीला गणितात नव्व्याण्णव गुण मिळवलेली ही मुलगी. शाळेत ती कुठे अडायची नाही आणि घरी अडली तर तिथेच बसून राहायची; मला ती पाच वर्षांची असल्यापासूनची तिची खोड ठाऊक आहे. तासभर एका कोड्यावर बसून ते सुटले की सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असे ओरडायची. दोन वर्षे आणि अकरा किलो पुस्तकांनी तिला गणित किती शिकवले ते मी सांगू शकत नाही. पण अडणे म्हणजे कमीपणा, एवढे मात्र पक्के शिकवले होते. वस्तुस्थिती अगदी उलटी आहे. अडल्याशिवाय गणित होतच नाही. अडलेले असताना काय करावे, हाच तो विषय. बाकी सगळे कारकुनी.

अडलेल्या माणसासाठी लिहिलेले एक पुस्तक जगात आहे. जॉर्ज पोल्या या हंगेरियन गणितज्ञाने ते अमेरिकेत १९४५ साली प्रसिद्ध केले. त्यात उकलींपेक्षा प्रश्न जास्त आहेत. काय शोधायचे आहे, हाताशी काय आहे, याच्यासारखे पूर्वी काही पाहिले आहे का, हे अवघड जात असेल तर यातला सोपा तुकडा कुठला – असे प्रश्न स्वतःला विचारायला तो शिकवतो. अंगाने अगदी बारीक पुस्तक. काट्यावर ठेवले तर काटा हलणारही नाही. त्या रात्री मी भाचीजवळ बसलो आणि तेच उदाहरण आम्ही दोघांनी उकल झाकून, मोठ्याने बोलत सोडवायला घेतले. तीन वाटा भिंतीला जाऊन टेकल्या, चौथी उघडली. पाऊण तास लागला आणि १ मिळवावाच लागला नाही. पण तिने ते कागद फेकले नाहीत, टाचणी लावून ठेवले. त्यानंतर एक नेम झाला. प्रत्येक अवघड उदाहरणाला अर्धा तास द्यायचा आणि तोपर्यंत उकलीवर चकलीच्या डब्याचे झाकण ठेवायचे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे ठीक आहे, पण परीक्षेत पाऊण तास कोण देतो? बरोबर आहे, आणि इथे पुस्तकांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. आपल्या राज्याच्या सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, १०० गुण आणि ९० मिनिटे असतात. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. एवढ्या वेळात आमच्याकडे गॅसवर चहासुद्धा होत नाही. साधारण वीस टक्के अकरावीचे, ऐंशी टक्के बारावीचे, पाया बालभारतीच्या पुस्तकाचा. इथे ओळखीचेच पाहुणे येतात आणि त्यांना पटापट पाने वाढायची असतात. या कामाला सराव-पुस्तकासारखे दुसरे साधन नाही. हात बसलाच पाहिजे. आणि पुस्तके त्यातल्या युक्त्याही शिकवतात. चार पर्याय दिले आहेत ना, मग न पदांची बेरीज काढत बसू नका. न च्या जागी १ ठेवा आणि कुठला पर्याय पहिल्या पदाशी जुळतो ते बघा. संकलन करू नका. पर्यायांचेच अवकलन करा. युक्त्या चोख आहेत. याने प्रश्न सुटतो. गणित सुटते असे मी म्हणणार नाही. हॉटेलात जेवून आल्यावर स्वयंपाक आला असे कुणी म्हणत नाही, पण पोट भरते हे नाकारता येत नाही.

एक उदाहरण मात्र मला नऊपैकी एकाही पुस्तकात सापडले नाही. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तेव्हा एखाद्याने डोळे मिटून पन्नासही प्रश्नांना नुसते ठोकून दिले, तर सरासरीने त्याला किती गुण मिळतील? संभाव्यतेच्या प्रकरणात घालण्यासारखे आहे. उत्तर २५. शंभरपैकी पंचवीस गुण केवळ हजर राहिल्याबद्दल! लेखकाने हे का वगळले ते मला समजते. बाराशे पानांच्या खपावर परिणाम झाला असता.

जेईई मेनला प्रश्न गणिताचे २५, भौतिक आणि रसायन धरून ७५, वेळ तीन तास. चुकले तर एक गुण जातो. पाच प्रश्नांना पर्यायच नसतात, उत्तर आकड्यात लिहायचे. तिथे युक्त्यांचा निम्मा डोलारा कोसळतो आणि पुस्तकातले पाठांतर अर्धेच पुरते. आणि आयआयटीची अ‍ॅडव्हान्स्ड? तिथे तीन-तीन तासांचे दोन पेपर, आणि प्रश्न किती प्रकारचे, गुण कसे, हे मुलाला पेपर समोर आल्यावर कळते. पूर्वी या परीक्षेत सबंध उकल लिहावी लागे; २००६ पासून तीही खुणा करण्याची झाली. पण प्रश्न काढणारे प्राध्यापक अजून तसेच खट आहेत. बाजारात कुठली पुस्तके आहेत हे त्यांनाही ठाऊक असते, आणि त्यांत नसलेले काढायचे हाच त्यांचा छंद. म्हणजे या परीक्षेच्या तयारीचे पुस्तक छापून बाजारात आले की त्याच क्षणी ते थोडे जुने होते. प्रकाशक ते नवे प्रश्न पुढच्या आवृत्तीत घालतो, पुस्तक शंभर पानांनी वाढते, प्राध्यापक आणखी नवे काढतात. या दोघांच्या खो-खोत धावते कोण, ते सांगायला नको.

आणि शेवटी जे मिळते ते गुण नसतातच, पर्सेंटाइल असते. दशांशचिन्हानंतर सात आकडे! सोनारसुद्धा इतके बारीक तोलत नाही. पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या मागे किती जण आहेत ते. नाट्यगृहात पुढच्या रांगेतला एक जण नीट दिसावे म्हणून उभा राहतो, मग त्याच्या मागचा, मग सगळेच. थोड्या वेळाने सगळे नाट्यगृह उभे असते, कुणालाही पहिल्यापेक्षा जास्त दिसत नाही आणि पाय मात्र सर्वांचे दुखतात. एकाने एक पुस्तक सोडवले तेव्हा त्याला फायदा झाला. सर्वांनी नऊ-नऊ सोडवली तेव्हा फायदा कुणाचा झाला, हे अप्पा बळवंत चौकात विचारावे. सतरा-अठरा हजार जागांसाठी दहा लाखांहून जास्त मुले रांगेत उभी आहेत. पुस्तके वाढवून जागा वाढत नाहीत. हे पुस्तकाचे पाप नाही. पण मुलाला ते स्वतःचे पाप वाटते, आणि 'हजारो निवडक प्रश्न' असे मलपृष्ठावर छापणाऱ्याने एवढे एक वाक्य आत कुठेतरी छापायला हरकत नव्हती.

तेव्हा आता परीक्षणाच्या रीतीप्रमाणे निवाडा. ही पुस्तके परीक्षेची तयारी करून घेतात का? सीईटीची उत्तम, मेनची बरी, अ‍ॅडव्हान्स्डची अर्धी. गणिताची तयारी करून घेतात का? वाचणाऱ्याने त्यांचे ऐकले नाही तर घेतात. नऊ घेण्याऐवजी दोन घ्यावीत. प्रकरणांची नावे कागद चिकटवून झाकावीत. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात, कारण त्यांत उदाहरणे मुळातच पिसलेली असतात. उरलेल्या सात पुस्तकांच्या पैशांत मुलाला थोडे बाहेर हिंडवून आणावे. उत्तरसूचीवर आंधळा विश्वास ठेवू नये. एका पुस्तकात संभाव्यतेचे उत्तर सात-पंचमांश दिले आहे. म्हणजे जे खात्रीने घडणार त्याच्याहूनही ते जास्त घडणार! एवढा आशावाद मी मराठी नाटकांच्या जाहिरातींतही पाहिलेला नाही.

बाकी कागद पातळ, छपाई बारीक, बांधणी पहिल्या पावसापर्यंतची, मुखपृष्ठ भडक, किंमत वाजवीपेक्षा अधिक. उत्तरे शेवटी दिली आहेत. ती तिथेच राहू द्यावीत.